वरून आदेश आहेत

सरकारी कचेरीत ज्याने चार खेटे घातले आहेत, त्याच्या कानावर ‘वरून आदेश आहेत’ हे वाक्य पडले नसेल असे सहसा होत नाही. हे वाक्य बोलणारा माणूस बहुधा उद्धट नसतो. आवाज थोडा खाली आणून, आपल्याला विश्वासात घेतल्यासारखे करून तो ते बोलतो आणि पुन्हा समोरच्या नस्तीत मान घालतो. वर म्हणजे नेमके कुठे, आदेश कोणी दिले, कोणत्या कायद्याखाली दिले, तारीख काय, जावक क्रमांक काय, यांतले काहीच त्या वाक्यात नसते. ‘राजा बोले, दल हाले’ या म्हणीतला राजा गेला, संस्थाने विलीन झाली, संविधान आले. दल हलण्याची रीत मात्र बराच काळ तीच राहिली. भारतीय प्रजासत्ताकात कायद्याचे राज्य कसे वाढत गेले, हा इतिहास मला पुष्कळसा या एका वाक्याशी झालेल्या झुंजीचा इतिहास वाटतो. निवडणुका, घटनादुरुस्त्या, सरकारांचे येणे-जाणे यांचे महत्त्व मी नाकारत नाही. पण नागरिकाची राज्यसंस्थेशी गाठ पडते ती टेबलापलीकडे बसलेल्या एका माणसाच्या रूपाने, आणि त्या माणसाला आपला निर्णय स्वतःच्या सहीने व कारणासकट लिहून द्यावा लागणे, हा प्रजासत्ताकाने घडवलेला सर्वांत खोल बदल आहे, असे माझे मत आहे.

या झुंजीतला माझा आवडता खटला कोणा मोठ्या पुढाऱ्याचा नाही, तो अंधेरीतल्या एका चित्रपटगृहाचा आहे. गोरधनदास भानजी या गृहस्थांना अंधेरीत थिएटर बांधायचे होते. आधी अर्ज नामंजूर झाला, पुन्हा केला, आणि बऱ्याच काळाने, जुलै १९४७ मध्ये, मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली. पुढे दोनच महिने गेले, मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, आणि सप्टेंबरमध्ये आयुक्तांचे दुसरे पत्र आले. त्याचा आशय असा होता, की आपणांस दिलेली परवानगी रद्द करण्यात येत आहे, असे कळविण्याचे मला शासनाचे आदेश आहेत. म्हणजे आपले तेच वाक्य, फक्त टंकलिखित आणि आयुक्तांच्या सहीचे.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५१ साली निकाल लागला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे त्याआधी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. निकालपत्र त्यांनी लिहिले. त्यातली मांडणी वरवर पाहता अगदी साधी आहे. तत्कालीन नियमांनी परवाना रद्द करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना दिला होता, आणि तोही त्यांच्या पूर्ण मर्जीवर सोडून. सरकारला तो अधिकार दिलेला नव्हता. मग पत्रात ‘शासनाचे आदेश आहेत’ असे लिहिले असेल, तर आयुक्तांनी निर्णय घेतलेलाच नाही. दुसऱ्याचा निर्णय त्यांनी टपालाने पुढे पाठवला, एवढेच झाले. आणि ज्याने तो निर्णय घेतला, त्याला तसा अधिकार नव्हता. म्हणून परवाना कायद्याच्या दृष्टीने रद्द झालेलाच नाही. आयुक्तांनी न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन निर्णय आपला स्वतःचाच होता असे सांगून पाहिले. न्यायालयाने ते ऐकले नाही. सार्वजनिक अधिकाराने काढलेल्या आदेशाचा अर्थ त्या आदेशात वापरलेल्या शब्दांवरूनच लावायचा, अधिकाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होते याचा नंतर केलेला खुलासा तिथे चालायचा नाही, असे बोस यांनी स्पष्ट लिहिले. आलेल्या हरकतींवर आयुक्तांनी स्वतःची बुद्धी वापरून, कोणाच्या दडपणाखाली न येता निर्णय द्यावा, तसे करणे हे त्यांचे कर्तव्य आहे, असेही न्यायालयाने सांगितले.

या निकालाचा बारकावा असा, की न्यायालयाने आयुक्तांचा अधिकार कमी केला नाही. उलट तो त्यांच्या पदरात परत टाकला. अधिकार तुमचा आहे ना, मग जबाबदारीही तुमची. वर बोट दाखवून सुटता येणार नाही. राज्यसंस्था दुबळी करणे म्हणजे कायद्याचे राज्य, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे, आणि धडाडीचे प्रशासक तो अधूनमधून बोलूनही दाखवतात. अंधेरीच्या खटल्यात दिसते ते वेगळे. तिथे कायद्याने अधिकाऱ्याला त्याच्या वरिष्ठापासून मोकळे केले आणि त्याच वेळी नागरिकासमोर उभे केले.

न्यायाचा विषय निघाला की मराठी माणसाच्या ओठी रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव येते, आणि ते यावेच. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि गादीवर बसलेल्या राघोबादादांना तोंडावर ‘देहांत प्रायश्चित्त’ सांगून शास्त्रीबोवांनी पुणे सोडले, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. पण या कथेचा दुसरा अर्धा भाग आपण फारसा उच्चारत नाही. निवाडा झाला, त्याची अंमलबजावणी करणारे कोणी नव्हते. न्यायाधीशाला पद सोडून जावे लागले आणि आरोपी पेशवेपदावर राहिला. निःस्पृह माणूस होता, पण त्याच्या निवाड्यामागे उभी राहणारी व्यवस्था नव्हती. आम्हाला रामशास्त्र्यांचा अभिमान इतका पुरतो, की व्यवस्थेच्या त्या उणिवेकडे बघण्याची गरजच वाटत नाही. अंधेरीच्या खटल्यात कोणालाही मोठे धैर्य दाखवावे लागले नाही. एका थिएटरमालकाने वकील लावला, न्यायाधीशांनी पत्रातले शब्द वाचले, आणि राज्य सरकारला ते मानावे लागले. गोष्ट म्हणून यात काही राम नाही हे मला मान्य आहे. प्रजासत्ताक म्हणून मात्र मला याच गोष्टीचे अप्रूप अधिक वाटते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर एक आक्षेप होता, की संविधानात प्रशासनाचे इतके तपशील कशाला हवेत. त्यांचे उत्तर आजही अंगावर येते. संविधानाचे रूप तसेच ठेवून, केवळ कारभाराचे रूप बदलून, ते आतून पोखरता येते, असे त्यांनी सभेला बजावले. आणि संवैधानिक नीती ही माणसाची उपजत भावना नाही, ती मशागत करून रुजवावी लागते, हेही सांगितले. मला वाटते, त्या सभागृहात ‘वरून आदेश आहेत’ या वाक्याची ताकद सर्वांत नीट ओळखणारे तेच होते. पाणवठ्यावर, शाळेत, कचेरीत कोणताही लेखी नियम न दाखवता माणसाला कसे परतवून लावतात, याचा अनुभव त्यांच्याइतका तिथे फार थोड्यांना असेल.

संविधान लागू होऊन काही महिने होत नाहीत तोच याची पहिली परीक्षा झाली. खटला न चालवता माणसाला डांबून ठेवू देणारा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा १९५० मध्ये झाला आणि कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्याला आव्हान दिले. मे १९५० च्या निकालात न्यायालयाने कायदा उचलून धरला. व्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ तेव्हा अतिशय कोता लावला गेला, ही टीका रास्तच आहे. परंतु त्या कायद्याचे कलम १४ न्यायालयाने त्याच निकालात रद्दबातल ठरवले. हे कलम सांगत होते, की स्थानबद्धतेची कारणे न्यायालयासमोरही उघड करायची नाहीत. माणसाला डांबून ठेवण्याची सत्ता न्यायालयाने सरकारला दिली, कारणे दडवण्याची दिली नाही. पहिल्याच वर्षी आखलेली ही रेघ होती आणि ती पंचवीस वर्षे टिकली.

आणीबाणीत ती पुसली गेली. तेव्हाच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात, म्हणजे मिसात, एकामागून एक दुरुस्त्या होऊन स्थानबद्धतेची कारणे गोपनीय मानावीत, ती उघड करणे सार्वजनिक हिताला बाधक समजावे, अशी तरतूद कलम १६-अ मध्ये आली. नऊ उच्च न्यायालयांनी तरीही म्हटले, की आम्ही निदान एवढे तपासू शकतो, की आदेश कायद्याप्रमाणे काढला आहे की नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्यांच्यात होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी या सर्वांना खोडून काढले. चारांमध्ये पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, हे आपण मराठी माणसांनी सोयीस्करपणे विसरू नये. एकटे हंसराज खन्ना विरुद्ध गेले, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्ती सरन्यायाधीश झाले तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. चंद्रचूड यांचे चिरंजीव धनंजय यांनी २०१७ च्या खासगीपणाविषयीच्या निकालात त्या जुन्या निर्णयावर, म्हणजे वडिलांच्या मतावरही, फुली मारली. वृत्तपत्रांना तो योगायोग फार आवडला. मला त्याहून महत्त्वाची वाटते १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, असे तिने लिहून ठेवले.

आणीबाणीतली एक तुलनेने लहान घटना इथे सांगितली पाहिजे. मिनू मसानी यांच्या मासिकातला बराच मजकूर सेन्सॉरने कापला होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी तो मजकूर आणि त्यावरच्या सेन्सॉरच्या हरकती तपशीलवार तपासल्या व बंदी रद्द केली. सर्वांनी एका सुरात बोलावे हे पाहणे सेन्सॉरचे काम नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सेन्सॉरला कारण द्यावे लागले, म्हणून ते पोकळ आहे हे दाखवता आले. मिसाखालच्या कैद्याला कारणच मिळत नव्हते, म्हणून त्याच्या वकिलाला पकडायला काही धागाच नव्हता. एकाच वर्षातली ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली, की कारण लेखी असण्याने नागरिकाच्या हाती काय येते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणीबाणीविरुद्ध मते मागून सत्तेवर आलेल्या जनता सरकारनेही लगेच तोच कित्ता गिरवला, हे मात्र मनोरंजक आहे. जुलै १९७७ मध्ये मनेका गांधींचे पारपत्र जप्त झाले. त्यांनी कारण विचारले, तर ‘सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी’ कारण देता येत नाही, असे उत्तर आले. त्यातून २५ जानेवारी १९७८ चा निकाल आला आणि स्वातंत्र्य हिरावून घेणारी प्रक्रिया न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व प्रस्थापित झाले. त्याच सुमारास, डिसेंबर १९७७ मध्ये, पंजाबातल्या फिरोजपूर मतदारसंघाच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी अंधेरीच्या थिएटरचा निकाल पुन्हा वर काढला आणि आपल्या खास शैलीत लिहिले, की आदेश काही जुन्या मद्यासारखे नसतात, जितके मुरतील तितके चांगले व्हायला. आदेशात कारण नसेल तर ते मागाहून प्रतिज्ञापत्रात भरता येत नाही. तेव्हापासून देशभरच्या न्यायालयांत हे वाक्य इतक्या वेळा उद्‌धृत झाले आहे, की गोरधनदासांचे थिएटर ते वापरणाऱ्या वकिलांनाही ठाऊक नसावे.

परंतु दिल्लीतला निकाल तलाठी कचेरीपर्यंत पोचायला किती काळ लागतो? आमच्या घरातल्या एका वारस नोंदीच्या वेळी मी ते जवळून पाहिले. चुलते वारल्यावर त्यांच्या नावची जमीन वारसांच्या नावे व्हायची होती. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, जुना सातबारा आणि आठ-अ असे सारे जोडून थोरल्या चुलतभावाने, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, अर्ज दिला. रीत अशी, की वारस नोंदवहीत नोंद होते, मग गाव नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. आमचा कागद पहिल्याच पायरीवर अडला. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, “अण्णा, तुमचं काम आहे हो, पण सध्या नोंदी धरू नका म्हणून वरून तोंडी सांगितलंय.” अण्णा शेतकरी माणूस, शब्द जपून वापरणारा. तो म्हणाला, “बरं भाऊसाहेब. मग माझ्या अर्जावर तेवढा शेरा मारून द्या. मी घरी जाऊन दाखवतो.”

भाऊसाहेबांनी पेन उचलले आणि बराच वेळ कागदावर टेकवून धरले. ‘वरून तोंडी सांगितले’ असे कोणी लिहील कसे? शेवटी त्यांनी अर्ज पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचायला घेतला आणि तिरक्या अक्षरात लिहिले, की वारसांपैकी एका विवाहित मुलीचा पूर्ण पत्ता नमूद नाही, सबब पूर्तता करावी. खाली सही, तारीख. कारण खरे होते. ताईचा मुंबईतला पत्ता नुसता उपनगराच्या नावावर संपला होता. आम्ही तो भरला, आणि कागद पुढे सरकला. वरचे तोंडी आदेश होते की नव्हते, असतील तर त्यांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. नोंद व्हायला नंतरही वेळ लागलाच. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण उगाच पडलेली नाही. पण त्या शेऱ्यापूर्वी आम्ही अडलो होतो ते कशापाशी, हे सांगता येत नव्हते. शेऱ्यानंतर आमच्याकडे दूर करता येईल अशी एक अडचण होती, आणि ती दूर करूनही नोंद झाली नसती, तर प्रांतांकडे अपील करताना समोर ठेवायला एक सही होती.

अण्णाला ज्या कायद्याचे नावही घ्यावे लागले नाही, त्याची तरतूद केव्हाच झालेली आहे. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा २००२ च्या सुमारास आणला, अण्णा हजारे यांच्या उपोषणांचा त्यामागचा रेटा सर्वांना आठवतो. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती मागायची, हे आता गावोगाव ठाऊक आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ४(१)(घ) कडे फारसे कोणी बघत नाही. प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना पुरवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. अर्ज करून मागण्याची ही गोष्ट नाही. ते आपणहून द्यायचे आहे. पुढे २०१५ चा महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा आला, त्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली आणि नकार द्यायचा तर तो सकारण लेखी द्यायला लावले.

अधिकाऱ्यांच्या बाजूनेही या वाक्याचा जाच आहे, हे न सांगणे अन्यायाचे होईल. तोंडी आदेश पाळला तर उद्या चौकशीत आपणच अडकतो, नाही पाळला तर बदली होते. निवृत्त कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात मांडले. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले, की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, असे आदेश लेखी नोंदवले जावेत, कारण नोंदच नसेल तर माहितीच्या अधिकारात नागरिकाला मिळणार काय. अंधेरीच्या निकालातले सूत्र अशा रीतीने बासष्ट वर्षांनी सचिवालयातल्या अंतर्गत कारभारापर्यंत आले. ते पाळले जाते का? माझा अनुभव असा, की फोन पूर्वीसारखेच येतात, पण टिप्पणीवर ‘चर्चेनुसार’ असा शब्द टाकण्याची कला मात्र वाढली आहे.

आणि लिहिलेली कारणे तरी कशी असतात! ‘नियमात बसत नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ कोणता नियम, त्यात का बसत नाही, हे गुलदस्त्यात. संगणकावर तर असा मजकूर तयारच असतो. नाव आणि गावच तेवढे बदलायचे. हा लेखीपणाचा पराभव आहे असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. पोकळ कारण निदान अपिलात दाखवता येते. तोंडी नकार दाखवताच येत नाही.

आता प्रश्न उरतो तो भाषेचा. १९६१ मध्ये नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी एका माणसाला स्थानबद्ध केले आणि कारणे इंग्रजीत हाती दिली. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदी तर्जुमा मागितला, तर शासनाची अधिकृत भाषा अजून इंग्रजी असल्याचे सांगून तो नाकारला गेला. ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धताच बेकायदा ठरवली. न कळणाऱ्या भाषेतले कारण म्हणजे कारण न देणेच. ती गोष्ट प्रतिबंधक स्थानबद्धतेची होती. साध्या अटकेत मात्र ‘तोंडी सांगितले’ ही पोलिसांची नोंद वर्षानुवर्षे खपत आली. २०२३ साली ईडीच्या अटकांबाबत लेखी कारणे सक्तीची झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका फौजदारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती सर्व गुन्ह्यांना लावली. अटकेची कारणे अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत, लेखी. तत्काळ देणे शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याच्या किमान दोन तास आधी.

हा निकाल कागदावर जितका सुबक आहे, तितकाच ठाण्यात अवघड आहे. मुंबईत एका रात्री पकडल्या जाणाऱ्यांत मराठी, भोजपुरी, तेलुगू, बंगाली बोलणारे असतात, आणि ठाणे अंमलदाराजवळ एक संगणक व एक शिपाई असतो. पहाटे तीन वाजता तेलुगूत कारणे कोण लिहून देणार, त्या माणसाला वाचताच येत नसेल तर वाचून कोणी दाखवायची, आणि वाचून दाखवली याची खात्री कोणाच्या सहीने करायची, यांची उत्तरे गृह विभागाला शोधावी लागतील. त्यासाठी भाषांतरकार नेमावे लागतील, म्हणजे पदे मंजूर करावी लागतील, म्हणजे अर्थसंकल्पात लेखाशीर्ष उघडावे लागेल. स्थानबद्धतेच्या प्रकरणांत सोबतच्या कागदांचे मराठी भाषांतर दिले नाही, म्हणून आदेश उच्च न्यायालयात कोसळण्याचे प्रकार महाराष्ट्रात आजही घडतात, आणि तेव्हा ‘तांत्रिक मुद्द्यावर गुंड सुटला’ अशी ओरड होते. ती ओरड करणाऱ्यांनी भाषांतरकाराच्या पदासाठी कधी निवेदन दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.